नुकतंच काय पाहिलंत? ‘वन टाईम वॉच’ सोडून बोला – अनुभव धागा

सिनेमा कसा होता विचारलं की ‘वन टाईम वॉच’. मालिका कशी चाललीय विचारलं की ‘पाणी घालतायत’. यातून ऐकणाऱ्याला काय कळणार, कप्पाळ! गेल्या दोनेक वर्षांत जे पाहिलंत त्याबद्दल इथे लिहा, पण आवडलं-नावडलं यामागचं नेमकं कारण द्या. कान कुठे टवकारले, डोळ्याला काय खटकलं, ते सांगा. कथा सांगत बसू नका, रहस्य फोडू नका. धंद्यातली माहिती असेल तर हात आखडता घेऊ नका.

मालवणी झील, भांडुप

‘दशावतार’ (२०२५). दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर दशावतारी नटाची ही भूमिका केली, तिचं कौतुक सगळ्यांनी केलंय, मी पुन्हा करत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. खऱ्या दशावतारात, म्हणजे कोकणातल्या त्या लोकनाट्यात, नाटकाची लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. देव-दानवांची शाब्दिक जुगलबंदी रंगली तर खेळ पहाटेपर्यंत ओढला जातो, नाही रंगली तर हार्मोनियम-पखवाजवाले सावरून घेतात. सिनेमाने वेश, मुकुट, रंगरंगोटी याला भरभरून जागा दिली. जुगलबंदीला मात्र कमी. पडद्यावर रंग लवकर पोचतो हे मान्य, पण त्या कलेचा जीव जिभेत आहे.

भाषेबद्दल: नुसतं ‘माका-तुका’ पेरलं की मालवणी होत नाही. ‘काम झालं’चं ‘काम झाला’, ‘घर पडलं’चं ‘घर पडला’ हे वाक्यभर टिकायला हवं. कोकणात घडणाऱ्या कुठल्याही सिनेमात शहरी नट चिडला किंवा रडला की ओळखा. भावना चढली की पहिल्यांदा हेच सुटतं आणि मधेच दादरची मराठी डोकावते.

बूममाईक

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२५ मध्ये वर्ल्ड सिनेमा ड्रॅमॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं तो. याला पार्श्वसंगीत नाही. संगीत काढलं की झाकायला काही उरत नाही: खोलीची शांतता, बाहेरची पाखरं, भांड्याचा आवाज, दोन माणसांमधला अवघडलेपणा, सगळं उघडं पडतं. त्यामुळे शॉट कापताना मागची शांतता बदलली तर लगेच कळतं. इथे कळत नाही, म्हणून माझ्या लेखी हा सिनेमा भारी. मोबाईलच्या स्पीकरवर बघून ‘संथ आहे’ म्हणणाऱ्यांनी निदान हेडफोन लावून पुन्हा बघावा.

आता घरोघरची तक्रार: ‘संवाद ऐकू येत नाहीत, गाणं लागलं की कान फाटतात.’ दर वेळी दोष मिक्सिंगचा नसतो. सिनेमागृहासाठीच्या ५.१ ध्वनीत (पाच स्पीकरांचे वेगळे आवाज, म्हणजे चॅनेल, आणि एक घुमणाऱ्या आवाजाचा) संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलला असतात. टीव्हीला मधला स्पीकर नसतो. पाच चॅनेलचा माल दोन बारक्या स्पीकरांत कोंबला जातो आणि संवाद संगीताखाली दबतात. उपाय:

ॲपमध्ये सिनेमा चालू असताना भाषेचा मेन्यू उघडा. तिथे ‘५.१’ आणि साधं ‘हिंदी’ किंवा ‘मराठी’ असे दोन पर्याय दिसले तर साधं निवडा. मग टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘सराउंड’ बंद करून ‘क्लिअर व्हॉइस’सारखं जे काही असेल ते चालू करा. टीव्ही भिंतीत खोल कपाटात बसवलेला असेल तर एवढ्यानेही भागणार नाही. स्पीकर बहुधा खालच्या बाजूला असतात, आवाज फळीवर आपटून घोगरा होतो. पुढच्या कडेपर्यंत ओढा.

पार्ल्याची

बूममाईक यांना जोडून चित्राबद्दल. नवा टीव्ही आणला की सिनेमाही मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो. सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ शोधा आणि बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की हे आपसूक बंद होतं. क्रिकेटला पुन्हा चालू केलंत तरी हरकत नाही. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात म्हणून झूम मात्र करू नका हो, कडेचं चित्र कापलं जातं.

गिरणगावकर

पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ची (कान महोत्सव, २०२४, ग्रँड प्री) चर्चा दोन मल्याळी नर्सांभोवतीच फिरते. आमच्या भागातल्या माणसाने छाया कदमांची पार्वती बघावी. नवरा गिरणीत होता, तो गेला, राहत्या जागेचा कागद हिच्याकडे नाही, बिल्डर दारात. कोणाला हे जरा सोपं करून सांगितलंय असं वाटेल, पण कागदाचा मुद्दा तंतोतंत खरा आहे. गिरणी कामगारांच्या घरांच्या यादीत यायला कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर पटावर होता हे दाखवावं लागतं. त्यासाठी तिकीट नंबर (गिरणीतला कामगाराचा क्रमांक), गिरणीचा लाल पास, ईएसआयसी (कामगार विमा) कार्ड, हजेरीपत्रक यातलं काहीतरी लागतं. हे सगळं ट्रंकेत नवऱ्याच्या नावाने असायचं. बाईला फक्त ट्रंक कुठे आहे ते ठाऊक. पार्वती कागद शोधून थकते आणि मग बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारते, तिथे दिग्दर्शिकेने संगीत चढवून तिला शूरवीर केलेलं नाही. दोन बायका हसतात, संपलं. हा संयम पटला.

शहराबद्दल: मुंबईच्या भागात पावसाळी निळा उजेड आणि रत्नागिरीकडच्या भागात मोकळं ऊन, ही विभागणी एकदा लक्षात आली की जरा जास्तच लक्षात राहते.

सातआकडी

जुन्या मुंबईवरच्या वेबसीरिज सध्या ढिगाने येतात. कलादिग्दर्शन कसं आहे ते तपासायच्या माझ्या खुणा:

दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर मोजा. मुंबईचे लँडलाइन २००२ मध्ये सातआकडी होते ते आठआकडी झाले, पुढे २ लागला. १९९२ ची गोष्ट आणि पाटीवर आठ आकडे, म्हणजे पाटी आजची आहे. ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ हे नाव १९९६ चं, त्यात ‘महाराज’ २०१७ ला आलं; १९९६ च्या आधी व्हीटी, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस. शहराचं अधिकृत ‘बॉम्बे’ १९९५ ला गेलं. वांद्रे-वरळी सी लिंक २००९ मध्ये खुला झाला, म्हणून त्याआधीच्या गोष्टीत माहीमचा समुद्र दाखवताना क्षितिज पुसावंच लागतं आणि पुसलेली कड गढूळ दिसते. गाडीच्या नंबरप्लेटवर डाव्या कोपऱ्यात निळं ‘आयएनडी’ दिसलं तर विषयच संपला.

प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मात्र रस्त्यावरून २०२३ मध्येच हद्दपार झाली. त्यामुळे निर्माते भाड्याने मिळतील त्या मोजक्या गाड्या फिरवून फिरवून वापरतात. एका प्रसंगात तोच नंबर दोनदा दिसला तर फार हसू नका, दुसरी आणणार कुठून?

घोडबंदर रोड

मालिकांना शिव्या देण्याआधी गणित बघा. जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात सुमारे २४ मिनिटांचा मजकूर हवा. रोजचा भाग म्हणजे रोज जवळपास एवढं चित्रित झालंच पाहिजे. म्हणून तीन कॅमेरे एकदम लावतात. तीन कोनांतून एकाच वेळी घ्यायचं तर उजेड सगळीकडे सारखा ठेवावा लागतो, सावली पडून चालत नाही. म्हणून मध्यरात्रीही स्वयंपाकघर लख्ख असतं आणि विधवा सासूच्या चेहऱ्यावरसुद्धा सुरकुती नसते. घराला छत कधी दिसत नाही, कारण दिवे तिथेच टांगलेले असतात. आवाज जरा डब्यातून आल्यासारखा वाटतो तो प्लायवूडच्या भिंतींमुळे.

हे सगळं समजून घेऊनही ज्याला माफी नाही ते म्हणजे एका वाक्यावर आठ जणांचे चेहरे आळीपाळीने दाखवणं. तिथे लेखनाची मिनिटं कमी पडलेली असतात. संशय आला तर एक भाग घड्याळ लावून बघा: मागील भागाची उजळणी, चेहऱ्यांचे शॉट, ‘पुढील भागात’ वजा करा आणि उरलेल्या वेळात किती गोष्ट पुढे सरकली ते ठरवा. ‘ठरलं तर मग’सारखी मालिका २०२२ च्या डिसेंबरपासून टिकलीय ती न्यायालय आणि ओळखीचं रहस्य हा एक धागा सोडत नाही म्हणून. ताणलीय, पण धागा तोच आहे. ज्या मालिका टीआरपी घसरला की थेट अपहरणाकडे वळतात त्यांचं दोन महिन्यांत कळतं.

तिसरी रांग

मत देण्याआधी सिनेमा धड दिसला का ते बघा. २०१८ चा ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा काहींना तो गूढ दिसला आणि काहींना नुसता काळा. कंदिलाच्या उजेडातला सिनेमा मंद प्रोजेक्टरवर मरतो. काही प्रोजेक्टरांत त्रिमितीचं (थ्रीडीचं) भिंग साध्या सिनेमालाही तसंच ठेवून देतात आणि पडद्यावर पोचणारा उजेड बराच कमी होतो. मागे वळून प्रोजेक्शनच्या खोलीच्या काचेकडे बघा: एकावर एक दोन झोत दिसले तर शंका घ्यायला जागा आहे. आवाजाचंही तसंच. मिक्सिंग ज्या पातळीवर होतं ती सिनेमागृहाच्या ध्वनी-प्रोसेसरवर ७ असते, तक्रारी नकोत म्हणून अनेक ठिकाणी काटा खूप खाली असतो.

तक्रार पहिल्या दहा मिनिटांत करा आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे करा. प्रोजेक्शनच्या खोलीत बहुधा कोणी नसतं, खेळ आपोआप सुरू होतात. ‘चित्र खराब आहे’ म्हणू नका. ‘डावीकडे फोकस नाही’, ‘मधल्या स्पीकरचा आवाज येत नाही’ असं सांगितलंत तरच पुढे निरोप जातो. जागा मधली, पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर. शेवटच्या रांगेत भिंतीचा आवाज मिसळतो. (माझ्या नावावर जाऊ नका.)

पार्ल्याची

मध्यंतराचंही लिहा कोणीतरी! आपल्या सिनेमात ते लेखकाने ठरवलेलं असतं, परदेशी सिनेमात थिएटरवाले अंदाजाने पाडतात, कधीकधी वाक्याच्या मधोमध. त्या सिनेमाला ‘पहिला भाग तुटक वाटला’ म्हणण्यात अर्थ नाही.

मालवणी झील

आणि मराठी सिनेमाचे खेळ शोधणाऱ्यांसाठी: शुक्रवारचं वेळापत्रक साधारण बुधवार-गुरुवारी उघडतं. पहिला आठवडा सरला की संध्याकाळचे खेळ जातात आणि दुपारी सव्वाबाराचा तेवढा उरतो. नोकरी करणाऱ्याने पहिला शनिवार-रविवार धरावा. लालबागच्या भारतमाताला आणि दादरच्या प्लाझाला काय लागलंय ते आधी बघा, मग मॉलकडे वळा.