लँडस्टायनर यांनी तयार अभिकर्मकांशिवाय रक्तगट कसे ओळखले?

प्रश्न : मी सोलापुरात डीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाला आहे. काचपट्टीवरच्या रक्तात निळा अँटी-ए आणि पिवळा अँटी-बी (ए व बी गटाच्या पेशींच्या गुठळ्या करणारी तयार द्रावणे, म्हणजेच अभिकर्मके) टाकला की क्षणात गुठळ्या दिसतात आणि गट कळतो. असे काहीही हाताशी नसताना कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये गट कसे वेगळे केले असतील?

उत्तर १ : त्यांनी स्वतःचे व सहकाऱ्यांचे रक्त घेतले, रक्तद्रव आणि तांबड्या पेशी वेगळ्या केल्या आणि प्रत्येकाचा रक्तद्रव इतर प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिला. गुठळ्या इतरांनीही पाहिल्या होत्या. पण त्या आजारामुळे होतात असे मानले जाई. निरोगी माणसांतही त्या ठरावीक पद्धतीनेच होतात, हे त्यांनी ओळखले, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण याच नेमक्या निरीक्षणात आहे. त्यांनी ए, बी, सी असे तीन गट मांडले. सी म्हणजे आजचा ओ. एबी पुढच्या वर्षी डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांनी शोधला. लँडस्टायनर यांना नोबेल मात्र १९३० साली मिळाले.

उत्तर २ : एक भर घालतो. डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला बॉम्बे रक्तगट आपल्या काचपट्टीवर ओ असाच दिसतो. परंतु त्या व्यक्तीचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशी मिसळला की गुठळ्या होतात, कारण त्यात अँटी-एच, म्हणजे ओ पेशींवरील एच या घटकाविरुद्धचे प्रतिपिंड, असते. म्हणून केवळ पेशी तपासून थांबू नका, रक्तद्रवही तपासा.