एम.फार्म.च्या थिसिससाठी उंदीर मारणं आता थांबवायचं का?

लातूरचा मास्तर

मी फार्मसी कॉलेजात शिकवतो. कॉलेजचं नाव विचारू नका, सांगणार नाही. मुद्दा थेट मांडतो. मराठवाड्यातल्या लहान कॉलेजांनी एम.फार्म.च्या थिसिससाठी उंदरांवर प्रयोग करणं बंद करावं, असं माझं मत झालंय. औषध बाजारात यायला जे लागतं ते लागतं, त्यावर मी बोलत नाही. फक्त थिसिसवर बोलतोय.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे एक ठरलेला विषय असतो: अमुक पाल्याचा अर्क आणि मधुमेह. कडुनिंब, जांभूळ, कारलं, मेथी, फिरून पुन्हा कडुनिंब. पांढऱ्या विस्टार उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचायचं, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मरतात. मग सहा-सहाचे पाच गट पाडायचे. एक निरोगी, एक आजारी, एकाला ग्लिबेनक्लामाईड (मधुमेहाचं नेहमीचं औषध), उरलेल्या दोघांना अर्काचा कमी आणि जास्त डोस. तीस उंदीर, २८ दिवस. शेवटी सगळे मारायचे आणि स्वादुपिंड फॉर्मॅलिनमध्ये. गटात सहाच का? मागच्या थिसिसमध्ये सहा होते म्हणून.

एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं तो महिना. आमच्या अॅनिमल हाऊसमध्ये असेच तीस होते. निरोगी उंदीर दिवसाला वीस-तीस मिली पाणी पितो, साखर झालेला शंभरच्या वर जातो. जेवढं पितो तेवढं मुततो. संध्याकाळी टाकलेल्या तुसाचा सकाळी चिखल झालेला असायचा. दार उघडलं की अमोनिया डोळ्यांना झोंबायचा. आमचे अटेंडंट, त्यांना सगळे मामाच म्हणतात, घरून सायकलला कॅन अडकवून पाणी आणायचे. स्वतःच्या घरी आठ-आठ दिवस नळ नाही आणि हे उंदरांच्या बाटल्या भरतायत. पिंजरे धुवायला तर पाणीच नव्हतं.

नियमात खोलीचं तापमान १८ ते २९ अंश. आमचा एसी लाईट असेपर्यंत. एका दुपारी भिंतीवरचा थर्मामीटर ३६ दाखवत होता आणि नोंदवहीत २४ लिहिलेलं होतं. त्या २४ वर सही माझी आहे.

थिसिस झाला, एक्सटर्नल आले, जेवले, गेले. अर्कानं साखर उतरली. नेहमीच उतरते. पैसे भरून पेपर छापला. आमच्या कपाटातल्या एकाही पाल्याची आजवर गोळी झालेली नाही.

बोला.

घोणस वाचली

वाचली म्हणजे घोणस पण वाचली आणि आमचे अण्णा पण. सोयाबीन काढताना पेंढीखाली होती. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं. नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. मग सापाच्या विषावरच्या लशीच्या दहा वायल लावल्या. पहाटेपर्यंत मी त्या नळीकडंच बघत बसलो होतो.

नंतर मी वाचत गेलो. त्या वायलमधल्या एक मिलीनं घोणसाचं ०.६ मिलिग्रॅम विष मारलं पाहिजे. नागाचंही तेवढंच, मण्यार आणि फुरसं ०.४५. हे कसं तपासतात? विष आणि लस एकत्र करून छोट्या उंदरांच्या शेपटीच्या शिरेत देतात आणि किती जगले ते मोजतात. मास्तर, "लागतं ते लागतं" असं एका ओळीत उरकू नका. जगलेल्या आणि मेलेल्या त्या उंदरांमुळं आमच्या घरात अण्णा आहेत.

तुळजाई

अण्णा वाचले, आनंद आहे. पण म्हणून हीच पद्धत कायम ठेवायची का? भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणीचाचण्या २०१४ मध्ये बंद झाल्या. ओरड झाली होती, पण एकाही बाईची लिपस्टिक अडली नाही. मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांतही प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा दिली. आणि प्राण्यांवर सुरक्षित ठरलं म्हणजे माणसावर सुरक्षित, हेही खोटं आहे. २००६ मध्ये लंडनला माकडांवर पास झालेलं एक औषध सहा तरुणांना दिलं, काही तासांत सहाही अतिदक्षता विभागात.

तुमच्या त्या विस्टार उंदराला पित्ताशय नाही. उंदराला उलटी करता येत नाही. माणसाला मळमळ होईल का ते तो काय सांगणार?

घोणस वाचली

आणि १९३७ मध्ये अमेरिकेत न तपासता विकलेल्या सल्फाच्या पातळ औषधानं शंभरावर माणसं गेली, ते? आधी चार उंदरांना पाजलं असतं तर कळलं असतं.

तुळजाई

त्यातलं विषारी डायएथिलीन ग्लायकॉल १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे.त ग्लिसरीनमधून परत आलं आणि १४ माणसं गेली. तोवर जगात लाखो उंदीर मरून झाले होते. तिथं उंदीर कमी पडला नव्हता, साधी रासायनिक तपासणी कमी पडली होती.

कोरडवाहू

लै वेळ वाचायलोय, आता ऱ्हावना म्हणून लिव्हतो. आमच्या हरभऱ्यात उंदरानं निम्मे घाटे नेले. आम्ही काय करतो सांगू का? भरड्याला गोडंतेल लावायचं, दोन दिवस बिळापाशी नुस्ताच टाकायचा, सवय लागू द्यायची. तिसऱ्या दिवशी त्यात झिंक फॉस्फाईड. पोट जळून मरतंय ते. आम्हाला कुण्या समितीनं इचारलं नाही फॉर्म भरला का म्हणून. आन् तुमच्या उंदराला एसी! आमच्या बैलाला मे महिन्यात कडब्याच्या गंजीची सावली भेटली तरी लै झालं.

लातूरचा मास्तर

दादा, तुमचा उंदीर तुमचं खाऊन मरतो. आमचा प्रयोगासाठीच पैदा केलेला, आम्ही वजन करून विकत आणला, आजारी पाडला. त्यानं आमचा एक घाटाही नेला नाही. जबाबदारीत फरक आहे की नाही?

कोरडवाहू

हाय. पर मरायला दोघालाबी सारखंच लागतंय.

बी.फार्म. कसाबसा

सर, आदर ठेवून विरोध. मी नांदेडकडचा. प्रयोग बंद करा म्हणणं सोपं आहे, पण बंद कुणाचे होणार? आमचे. पुण्या-मुंबईची पोरं उंदीर हातात घ्यायला शिकतील, कंपन्यांत लागतील, आणि आम्ही बेडकाचं हृदय स्क्रीनवर क्लिक करून बंद पाडणार. अनुशेष अनुशेष म्हणून आपण पन्नास वर्षं ओरडतोय, आता हा एक आपल्याच हातानं वाढवायचा?

"सेल लाईनवर (बशीत वाढवलेल्या पेशींवर) करा" म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. त्या पेशींना ३७ अंशाचा कार्बन डायऑक्साईडचा इन्क्युबेटर लागतो, रात्रंदिवस. लाईट गेली की पेशी पण मरतात. फरक एवढाच की त्या चीं करत नाहीत.

आणि एक खरं सांगतो. पहिल्यांदा गॅव्हाजची सुई (थेट पोटात औषध सोडायची नळी) उंदराच्या तोंडात घातली तेव्हा माझा हात थरथरत होता. घाई केली. अर्क अन्ननलिकेऐवजी फुप्फुसात गेला. तळहातावरच गेला तो, नाकातून फेस आला. दुसऱ्या दिवशी मामांसारख्याच एका माणसानं मला मान आणि पाठ सरळ रेषेत कशी धरायची ते दाखवलं. सर नव्हते दाखवायला. तेव्हा बंद नको, नीट शिकवा.

पशुवैद्य, परभणी

वरच्या मुलाचा शेवटचा परिच्छेद मास्तरांनी दोनदा वाचावा.

दोन गोष्टी जोडतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ उघडून बघा. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नका, आणि केवळ हात बसवायला म्हणून प्रयोग नको, असं त्यात आहे. म्हणजे "आमच्या पोरांना हात बसवू द्या" हा युक्तिवाद कायद्यात बसत नाही. हात बसवायला रबरी उंदीर मिळतो.

दुसरी गोष्ट कुणीच बोललं नाही. ३६ अंशात, अमोनियात, ओल्या तुसावर बसलेल्या उंदराचं ताणाचं संप्रेरक चढतं आणि त्यानंच रक्तातली साखर वाढते. मग मास्तर, तुम्ही जी साखर मोजली ती स्ट्रेप्टोझोटोसिनची की एप्रिलची? नोंदवहीत २४ लिहिलंत तिथंच थिसिस संपला. निगा वाईट असेल तर आकडाही वाईट आणि प्राणीही फुकट गेला.

समितीचं म्हणाल तर सीसीएसईए (आधीची सीपीसीएसईए), म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती, कॉलेजच्या समितीवर बाहेरचा सदस्य देते. तो विचारतो, "तीसच का?" पुष्कळ ठिकाणी उत्तर येतं, "चहा घ्या."

इंजेक्शननंतरच्या पहिल्या रात्री ग्लुकोजचं पाणी ठेवता का? पेशी फुटून इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, साखर इतकी घसरते की काही उंदीर पहाटेपर्यंत जातात. ते "डोसमुळे दगावले" म्हणून लिहिलं जातं. आणि पिंजऱ्यात लपायला काही टाकता का?

लातूरचा मास्तर

डॉक्टर, साखर कुठली याचं उत्तर माझ्याकडे नाही. ग्लुकोजचं पाणी त्या वर्षी ठेवलं होतं की नव्हतं, आठवत नाही. वहीत ठेवल्याचं आहे, पण माझ्या वहीवर आता मीच विश्वास ठेवत नाही.

माझं म्हणणं थोडं बदलतो. सरसकट बंद नको. चार-पाच जिल्ह्यांत मिळून एक चांगलं अॅनिमल हाऊस असावं. जनरेटर, पाण्याची टाकी, पूर्णवेळ पशुवैद्य. ज्याचा प्रश्न खरंच नवा आहे त्यानं तिथं जावं. कडुनिंबवाल्यांनी ग्रंथालयात बसावं. आमच्यासारखी घरगुती अॅनिमल हाऊसं मात्र कुलूप लावून टाकावीत.

तुळजाई

म्हणजे कत्तलखाना मोठा आणि स्वच्छ करायचा. चालू द्या.

घोणस वाचली

लशीची तपासणी तिथं होणार असेल तर माझी वर्गणी लिहून घ्या.

अकरावी सायन्स

नमस्कार सर. तुमच्या मामांची मी मोठी मुलगी. पप्पांना हा धागा सगळा वाचून दाखवला. ते बोलत होते तसं लिहिते.

ग्लुकोजचं पाणी ठेवलं होतं. पप्पांनी दुकानातून ग्लुकोजचा पुडा आणला होता, बिल तुम्हाला दिलं होतं, अजून मिळालेलं नाही (हे पप्पा हसून म्हणाले). तरी दोन गेले होते.

लपायला टाकतात. झेरॉक्सच्या दुकानातून कागदाच्या रोलचे पुठ्ठ्याचे नळे आणतात. कुणी सांगितलं नव्हतं. नळा असला की हात घातल्यावर चावत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. एक्सटर्नल यायच्या दिवशी ते नळे काढून ठेवायला सांगतात, पिंजरा स्वच्छ दिसावा म्हणून.

दिवाळीत पाच दिवस सगळे गावी जातात. पप्पा जात नाहीत. भाऊबीजेला आत्या आमच्याकडे येते.

पप्पांनी एक विचारायला सांगितलंय. ते मोठं अॅनिमल हाऊस झालं आणि इथल्याला कुलूप लागलं, तर तिथं अटेंडंट इथलेच घेणार का? त्यांचं वय त्रेपन्न आहे आणि ते अजून कॉन्ट्रॅक्टवर आहेत.

उद्या सकाळी दहा ते दोन लाईट नसल्याचा मेसेज आलाय. पप्पा आत्ताच खिडक्यांना लावायची गोणपाटं भिजवायला गेले.