सध्या काय वाचताय हे सांगितलं तर बिघडलं कुठं?

परभणीकर
काल इथं एकानं लिहिलं, ‘हल्ली जो तो “सध्या वाचतोय” म्हणून पुस्तकाचा फोटो टाकतो. निव्वळ दिखावा. खरा वाचक गुपचूप वाचतो.’ वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्याकडं मराठवाड्यात पुस्तक कळतं कसं, ते आधी सांगा. पुण्याचा माणूस अप्पा बळवंत चौकातून जाता जाता चार नवी पुस्तकं चाळून येतो. जिंतूर-पाथरीच्या माणसानं कुठं जायचं? तालुक्याच्या दुकानात गाइड आणि स्पर्धा परीक्षेचे गठ्ठे. कादंबरी मागितली की ‘मागवून देतो’ म्हणतात अन् विषय संपतो. मध्यंतरी आमच्या ओळखीतल्या एकीनं ‘आडगावचे चौधरी’ वाचायला घेतल्याचं स्टेटसला टाकलं. ही कादंबरी लिहिणारे बी. रघुनाथ आमच्या परभणीचे, त्यांच्या नावाचं सभागृह आहे गावात. तरी त्या फोटोनंतरच लोक विचारायला लागले, कुठं मिळालं, मला देशील का. दिखाव्यातून एवढं होत असेल तर होऊ द्या की दिखावा!

अंबाजोगाईकर
कालचं ते लिहिणारा मीच. फोटोत चहाचा कप, चष्मा, खिडकीतलं ऊन. पुस्तकाबद्दल एक ओळ नाही. वर्षअखेरीला शंभर पुस्तकांची यादी. माझे वडील जन्मभर वाचत आले, शेजाऱ्यालासुद्धा पत्ता नव्हता.

लातूरची शिक्षिका
शेजाऱ्याला पत्ता नव्हता, यात मोठेपणा कसला सर? निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ हा सभाबंदीचा सरकारी हुकूम आडवा यायचा. तसल्या काळात आपल्या लोकांनी वाचनालयं चालवली, ती चारचौघांनी मिळून वाचावं म्हणूनच ना? माझ्या वर्गातल्या पोरी मी टेबलावर ठेवलेलं पुस्तक बघून विचारतात. पर्समध्ये लपवलं असतं तर विचारलं असतं का कुणी?

सेलूकर
सांगायचं खुशाल सांगा, पण पुढचं कोण निस्तरणार? फोटो टाकला की दुसऱ्या दिवशी ‘दे की वाचायला’. माझी अर्धी मांडणी अशीच रिकामी झाली. नेणारा समोर भेटला तर नजर चुकवून जायलाय. मी आता कुणालाच काही सांगत नाही.

गंगाखेडची वाचक
वाचनालयं धड असती तर लोक तुमच्या दारात आले असते का? आमच्या गावच्या वाचनालयात गेले, तर कपाटांना कुलपं. किल्ली असलेला माणूस लग्नाला गेलेला. दुसऱ्या खेपेला मिळालं एक पुस्तक. मागं चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के होते. शेवटचा शिक्का माझ्या लग्नाच्याही आधीचा. पानं अजून कोरी करकरीत. एवढ्या वर्षांत ते पुस्तक तिथं आहे, हेच कुणाला कळलं नाही.

हिंगोलीकर
कुलपाचं मी सांगतो, मी ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी यादीतल्या सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयात बसतो. वाचनालयांचा कायदा १९६७ चा. अनुदान हप्त्यानं येतं. त्यातच पुस्तकं, वर्तमानपत्रं, लाइटबिल अन् माझा पगार. पगार म्हणायचीसुद्धा लाज वाटते. पुस्तक हरवलं की जाब मला विचारतात. मग कुलूप नाही लावायचं तर काय करायचं?

गंगाखेडची वाचक
पगार कमी आहे, ते चूकच आहे. पण त्याची शिक्षा वाचकाला काहून?

हिंगोलीकर
ताई, एक महिना माझ्या खुर्चीवर बसा, मग बोला. संध्याकाळी सहा वाजता पोरं येतात ती भरतीच्या जाहिराती बघायला. त्यांना हाकलून तुमच्यासाठी कपाट उघडून बसू का?

परभणीकर
अहो, भांडण दिखाव्याचं होतं, वाचनालयाचं कुठून निघालं!

लातूरची शिक्षिका
दोन्ही एकच आहे दादा. कपाटात काय आहे ते कुणी सांगत नाही, म्हणून कुणी मागत नाही. हिंगोलीच्या दादांनी नव्या पुस्तकांचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकले तर मागणारे येतील.

हिंगोलीकर
टाकून बघतो. पण परत न आलेल्या पुस्तकांची नावंही त्याच ग्रुपवर टाकणार, मग रागावायचं नाही.

सेलूकर
हे आधी करा! माझी यादी तयारच आहे.

अंबाजोगाईकर
गंगाखेडच्या बाईंची चिठ्ठीची गोष्ट मला लागली. तेवढ्यापुरतं मागं घेतो. पण कप आणि चष्म्याचे फोटो मला अजूनही पटत नाहीत. सांगायचंच तर पुस्तकात काय सापडलं ते दोन ओळींत लिहा, आणि पुस्तक कुठल्या वाचनालयात आहे तेही लिहा.

परभणीकर
दोन ओळी लिहीन. पण फोटोही टाकणार. मुखपृष्ठ बघितल्याशिवाय दुकानदाराला सांगणार काय?