हिमवादळाची वाट बघणाऱ्यांना नावं का ठेवता?

शिशिरवेडा
मोठं हिमवादळ चार-पाच दिवसांवर दिसायला लागलं की आम्हा हवामानवेड्यांची झोप उडते. युरोपियन मॉडेलचे (म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित मांडून केलेल्या अंदाजाचे) नवे नकाशे कधी येतात, अमेरिकन मॉडेलने कमी दाबाचं केंद्र किनाऱ्याजवळ ठेवलंय की समुद्रात ढकललंय, यावर रात्ररात्र खल चालतो. अशा वेळी हमखास ऐकावं लागतं, "लोकांचे हाल होणार आणि तुम्हाला आनंद कसला होतोय?"

आमच्या इच्छेने वादळ येत नाही आणि नको म्हटल्याने टळतही नाही. केंद्रातला हवेचा दाब कधी कधी चोवीस तासांत २४ हेक्टापास्कल किंवा त्याहून जास्त कोसळतो, गार कोरडी हवा आणि समुद्रावरची दमट हवा एकमेकींना भिडतात, आणि हे सगळं आधी दिसू शकतं! मार्च १९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात आलेल्या महावादळाची चाहूल तिथल्या हवामान खात्याला जवळपास पाच दिवस आधी लागली होती. पहिला बर्फ पडायच्या आत काही राज्यांनी आणीबाणी जाहीर केली. त्या वेळी ही केवढी मोठी मजल होती! याची ओढ वाटण्यात गैर काय?

दक्षिणवारा
साफ असहमत. ओढ मनात ठेवा, तिचा उत्सव करू नका. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात आणि आसपासच्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. कुणी गाडीत अडकून, कुणी वीज गेलेल्या घरात गारठून, कुणी बर्फ उपसताना हृदयविकाराच्या झटक्याने. रुग्णवाहिकाच पोचू शकत नव्हत्या. इशारा आधीच दिलेला होता, म्हणजे अंदाज चुकला म्हणून हे झालं नाही. ज्यांच्या घरी माणूस गेलं त्यांनी "या वेळी सगळे विक्रम मोडू देत" असली वाक्यं वाचायची का?

मोजपट्टी
दक्षिणवारा, तुमची कळकळ पोचली, पण याच वेडातून होणारं कामही बघा. पडलेल्या बर्फाची उंची रडारला नेमकी सांगता येत नाही, ती माणसालाच मोजावी लागते. मोकळ्या जागी पांढरा रंग दिलेली फळी ठेवायची, ठरलेल्या वेळी पट्टी उभी धरून वाचायची, फळी पुसायची, पुन्हा ठेवायची. फळी सहा तासांच्या आत पुसायची नाही. दर तासाला पुसत बसलात तर खालचा बर्फ दबायला वेळच मिळत नाही आणि बेरीज फुगते. पहाटे, वारा चावत असताना, पगार न घेता हे करायला वेडच लागतं. १९९७ च्या फोर्ट कॉलिन्स शहरातल्या पुरानंतर अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात पाऊस-बर्फ मोजणाऱ्या स्वयंसेवकांचं 'कोकोराज' हे जाळं १९९८ मध्ये सुरू झालं. आज त्यांच्या नोंदी सरकारी हवामान खातंही वापरतं.

गोठणबिंदू
मोजपट्टींना +१, पण धागाकर्त्यांनी खरा वादाचा मुद्दा बाजूलाच ठेवलाय. प्रश्न आनंदाचा नाहीच, नकाशांचा आहे. पाच दिवस आधीच्या एकाच रनचा (मॉडेल एकदा चालवून आलेल्या अंदाजाचा), ९० सेंमी बर्फ दाखवणारा जांभळा-गुलाबी नकाशा उचलून चारचौघांत फिरवणं, हा या छंदाला लागलेला रोग आहे.

असे बरेच नकाशे एक सेंमी पाण्याचा दहा सेंमी बर्फ होतो हे सरसकट धरून चालतात. प्रत्यक्षात कडाक्याच्या थंडीत तो पंधरा-वीस सेंमी होतो, ओलसर बर्फ असेल तर पाच-सात. वर दीड किलोमीटर उंचीवर शून्याच्या जरा वर तापमान असलेला हवेचा थर घुसला की हिमकण वाटेतच वितळतात आणि खाली टणक बर्फकणी किंवा गोठता पाऊस (जमिनीला लागताच गोठणारा) येतो. काही संकेतस्थळं ती बर्फकणीसुद्धा हिम म्हणून मोजतात! आणि वादळाच्या केंद्राची वाट ८० किलोमीटर इकडेतिकडे झाली तरी सगळं चित्र पालटतं. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहरासाठी ६० ते ९० सेंमीचा अंदाज होता, भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवली. सेंट्रल पार्कमध्ये पडला सुमारे २५ सेंमी. तेव्हाच पूर्वेला लाँग आयलंडच्या काही भागांत मात्र ६० सेंमीच्या वर थर साचला होता. शेजारच्या भागात अंदाज खरा ठरला, पण शहरातल्या माणसाच्या लक्षात "हवामानवाले उगाच घाबरवतात" एवढंच राहतं. पुढच्या खऱ्या इशाऱ्याला तो घरी थांबेल?

शिशिरवेडा
गोठणबिंदू, नकाशांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटलं. एका रनवर विसंबायचं नसतं म्हणूनच तर एन्सेम्बल असतं. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच मॉडेल पन्नासेक वेळा चालवतात. पन्नासपैकी वादळाच्या दहाच वाटा किनाऱ्याला लागत असतील तर तेच सांगावं, सगळ्यात देखणी वाट निवडून दाखवू नये. पण मॉडेलच्या गप्पाच बंद करा, हे मला मान्य नाही. चार लोकांना 'शक्यता' म्हणजे काय हे शिकवायची याहून चांगली वेळ दुसरी कुठली?

दक्षिणवारा
शिकवा की, नाही कोण म्हणतंय? पण सामान्य वाचक पन्नास वाटा बघत नाही, आकडा बघतो. आणि वादळ जवळ आलं की तुमच्याकडची चर्चा "किती पडेल" याच्या पुढे सरकत नाही. वीज गेल्यावर जनरेटर घरात किंवा गॅरेजात चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. गाडी अडकलीच तर इंजिन सुरू करण्याआधी धुराड्याच्या नळीभोवतालचा बर्फ काढा. एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर घेऊन ठेवा. नकाशा टाकणाऱ्या प्रत्येकाने त्याच पोस्टमध्ये हे लिहिलं तर माझा आक्षेप निम्मा मिटेल.

मोजपट्टी
हे आजच करता येईल. शिशिरवेडा, वरच्या मूळ पोस्टमध्ये दक्षिणवारांच्या तीनही सूचना टाका. संध्याकाळचे नवे नकाशे आले की गर्दी तिथेच येणार आहे.