गरी बेटावर बसने जायचं की चालत? आई-बाबांच्या ऑगस्टच्या ट्रिपवरून घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

रोहन: आई-बाबांची ऑगस्टची तिकिटं झाली. मधुरा, तिथल्या, ऑस्ट्रेलियातल्या फ्रेझर आयलंडची एका दिवसाची बस टूर पाहिली. पहाटे नेतात, रात्री परत आणून सोडतात. समुद्रकिनारा, फुटलेलं जहाज, निळं तळं, सगळं होतं. बाबांच्या गुडघ्याचं बघता हेच बरं वाटतंय. बुक करू?

मधुरा: थांब, आत्ताच काही बुक करू नकोस. मी तिथे तीनदा गेलेय. पहिल्यांदा अशाच बसने गेले होते आणि घरी आल्यावर लक्षात राहिली ती फक्त खिडकीची काच. तिथे दोन रात्री राहायचं आणि चालायचं, असं माझं ठाम मत आहे. आणि बेटाचं नाव आता गरी आहे. इंग्रजीत लिहिताना आधी के लावतात, पण तो उच्चारत नाहीत. तिथल्या मूळ रहिवासी बुचुला लोकांचं हे नाव, अर्थ स्वर्ग. जून २०२३ मध्ये सरकारने ते बेटाला अधिकृतपणे परत दिलं. आपणही तेच म्हणू या.

विलासकाका: गरी म्हणजे आमच्याकडे मासे धरायचा गळ. नाव चांगलं लक्षात राहील.

बाबा: मला वाळूत चालणं झेपेल का, ते आधी सांग. विलासकडे गुहागरला पुळणीवर अर्धा तास चाललो की पोटऱ्या भरून येतात.

मधुरा: बाबा, बेट वाळूचं असलं तरी जंगलातल्या वाटा भुसभुशीत नाहीत. वर्षानुवर्षांचा पालापाचोळा पडून त्या दबलेल्या आहेत, पायाला चांगल्या लागतात. जंगलात सेंट्रल स्टेशन नावाची जागा आहे, तिथे वांगूल्बा ओढ्याच्या काठाने तर लाकडी फळ्यांची वाट आहे. अर्ध्या तासात निवांत होते. तुम्हाला सगळ्यात जास्त तीच आवडेल. ओढा बाजूला आहे हे पहिली दोन मिनिटं कळतच नाही. तळाला गोटे नाहीत, नुसती पांढरी वाळू, त्यामुळे पाण्याचा आवाज होत नाही. आणि पाणी इतकं नितळ, की एखादं पान वाहत पुढे गेलं की मग समजतं, अरे, इथे पाणी आहे!

सुनीताआत्या: मधुरा, एक शंका. सगळं बेटच वाळूचं, आणि त्यावर वर्षावन? मी तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवलं की वाळूत पाणी टिकत नाही आणि वाळूला कस नसतो. मग झाडं उभी कशावर आहेत?

मधुरा: आत्या, हा प्रश्न तू विचारशील हे मला माहीतच होतं 😊 आता जरा मोठा मेसेज लिहिते.

न्यू साउथ वेल्सच्या नद्यांनी समुद्रात आणून टाकलेली वाळू किनाऱ्याच्या प्रवाहाने लाखो वर्षं उत्तरेकडे सरकत आली आणि इथे साठली. बेट १२० किलोमीटरहून लांब आहे, जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. टेकड्या अडीचशे मीटरच्या जवळपास जातात. पूर्व किनाऱ्याची वाळू सगळ्यात ताजी, आत पश्चिमेकडे जावं तशी जुनी. म्हणजे समुद्राकडून आत चालत जाताना आपण एकेक जुन्या टेकडीवर पाय ठेवत असतो.

किनाऱ्यावर फक्त गवत आणि वेली. त्या मरतात, कुजतात, वाळूत मिसळतात. समुद्राच्या तुषारांतून आणि पावसातून थोडे क्षार येतात. वाळूच्या कणांवर लोहाचं वगैरे जे पातळ लेपण असतं, ते मुळांभोवतालची बुरशी सोडवून झाडांना देते. तेवढ्या भांडवलावर पुढची झुडपं येतात, त्यांच्या कुजण्यावर त्याच्या पुढची झाडं. मधल्या टेकड्यांच्या घळींत, जिथे वारा लागत नाही आणि पाऊस भरपूर, तिथे पोचेपर्यंत सॅटिने आणि ब्रश बॉक्स या झाडांचे असे बुंधे उभे असतात की आपण तिघांनी हात धरले तरी कवेत मावायचे नाहीत. सगळी श्रीमंती वरच्या थरातल्या पाल्यातच, खाली नुसती वाळू. आणि आणखी पश्चिमेला गेलं की जंगल परत खुजं होतं! तिथली वाळू इतकी जुनी, की पावसाने सगळा कस मुळांच्या आवाक्याबाहेर खोल नेऊन टाकलाय. जंगल चढतं आणि उतरतं, हे एकाच बेटावर बघायला मिळतं. बसमधून हे कसं कळणार?

सुनीताआत्या: वा! आणि पाणी? तळी कशी टिकतात?

मधुरा: काही तळी जमिनीखालच्या पाण्याला लागूनच आहेत. पण बूरांगूरा, म्हणजे लेक मॅकेंझी, तसं नाही. ते समुद्रसपाटीपासून जवळजवळ १०० मीटर उंचीवर आहे. खोलगट जागी पाला कुजून त्याचा अर्क खाली झिरपतो आणि वाळूचे कण सांधून काळपट घट्ट थर तयार होतो. आजी अंगण सारवायची ना, तसं निसर्गाने तळ्याचं बूड सारवलंय. वर फक्त पावसाचं पाणी, ना ओढा येतो ना जातो. जगात अशी जी तळी आहेत त्यांतली जवळपास निम्मी या एका बेटावर आहेत. म्हणूनच सांगते, सनस्क्रीन फासून त्या पाण्यात उतरायचं नाही. ते धुऊन जायला दुसरीकडे वाटच नाही.

विलासकाका: पूर्व किनाऱ्यावरच्या वेली म्हणालीस, त्या कोणत्या? फोटोत मर्यादवेलीसारखं काहीतरी दिसतंय. बकरीच्या खुरासारखी पानं, जांभळी फुलं.

मधुरा: काका, तीच! मर्यादवेलच आहे. आणि तिच्या मागे केवड्याच्या जातीची झाडं, आणि सुरू. आपल्याकडे सुरूचं बन लावलेलं असतं, तिथे ते मूळचंच आहे. पहिल्यांदा त्या सुरूखाली उभी राहिले आणि वाऱ्याचा तो आवाज आला, तेव्हा मला तुमच्या घरामागचं बन आठवलं आणि डोळ्यांत पाणीच आलं.

विलासकाका: आमच्याकडे भरतीने किनारा खाल्ला की सगळ्यात आधी ह्या वेलीच जातात. लोक गाड्या घालतात वरून. तिथे नाही घालत?

मधुरा: घालतात, काका. पूर्वेचा किनारा हाच तिथला रस्ता आहे, वेगमर्यादा ताशी ८०. पण भरतीरेषेच्या वरच्या टेकड्यांवर चाक चढवायचं नाही. किनाऱ्यावरच्या गाड्या मला नेहमी खटकतात. इतक्या गाड्या असताना पक्षी बसणार कुठे? म्हणूनही म्हणते, चालू या.

आई: जेवणाचं काय? पोळीभाजीचा डबा घेऊन तळ्याकाठी बसू या.

मधुरा: आई, तळ्याकाठी फक्त पाणी न्यायचं. जेवायला कुंपण घातलेली वेगळी जागा आहे. कारण डिंगो, म्हणजे तिथली रानकुत्री. हा विषय सगळ्यांनी नीट वाचा, प्लीज.

मागच्या वर्षी चूक माझी झाली होती. रात्री भडंगाची अर्धी पुडी मी तंबूत उशाशीच ठेवून झोपले. पहाटे चेन सरकल्याचा आवाज आला. मी श्वास रोखून पडून राहिले. उजाडल्यावर बघते तर तंबूच्या कोपऱ्याला फाटलेलं, पुडी गायब, आणि ओल्या वाळूत तंबूभोवती पूर्ण फेरा मारलेल्या पावलांच्या खुणा. चार बोटं, पुढे नखांचे बारीक टोचे. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर तो उभा होता. रेंजर बाईंनी शांतपणे सांगितलं ते अजून टोचतं. म्हणाल्या, माणसाच्या खाण्याची चटक लागलेला डिंगो माणसाला भीत नाही, मग चावतो, आणि मग त्याला मारावं लागतं. माझ्या एका पुडीने मी त्या जनावराला त्या वाटेवर ढकललं होतं.

आई: अगं बाई! मग जायलाच हवं का तिथे?

मधुरा: जायला हवं, पण नियम पाळून. भीती खोटी नाही. २००१ मध्ये डिंगोंच्या हल्ल्यात नऊ वर्षांचा मुलगा गेला. २०२३ मध्ये किनाऱ्यावर धावणाऱ्या एका बाईला डिंगोंनी पाण्यापर्यंत रेटलं आणि चावे घेतले. म्हणून एकट्याने फिरायचं नाही, हातात काठी ठेवायची, खाणं कुलपात. डिंगो समोर आला तर पळायचं नाही, ओरडा करत धावायचं तर नाहीच. त्याच्याकडे तोंड करून ताठ उभं राहायचं, हात छातीशी घडी, हळूहळू मागे सरकायचं. रोहन, छोट्या ईराला एका हाताच्या अंतरात ठेवायची, पूर्ण वेळ. तिथे पाळीव कुत्री न्यायला बंदी आहे. पूर्व ऑस्ट्रेलियातले सगळ्यात शुद्ध वंशाचे डिंगो इथले मानतात. बुचुला भाषेत त्यांना वोंगारी म्हणतात. घर त्यांचं आहे.

रोहन: ईराचं माझ्याकडे. बरं, मग ९० किलोमीटरची ग्रेट वॉक आहे ना, डिली व्हिलेज ते हॅपी व्हॅली? ती करायची का?

मधुरा: ती तू आणि मी नंतर करू. सहा ते आठ दिवस लागतात आणि सगळं सामान पाठीवर. आई-बाबांसाठी मी तीन तुकडे काढलेत.

पहिल्या दिवशी दुपारी सेंट्रल स्टेशनची फळ्यांची वाट. आत्या, तिथला राजनेचा तुला व्हिडिओ कॉलवर दाखवीन. पानं माणसाच्या अडीच-तीनपट लांब, आणि लाकडाचा कणा नसताना केवळ आतल्या पाण्याच्या दाबावर उभी. तिथेच लाकूडतोड्यांची वस्ती होती. सॅटिनेचं लाकूड खाऱ्या पाण्यातल्या किड्याला दाद देत नाही, म्हणून ते सुएझ कालव्याच्या कामाला गेलं. तोड १८६३ला सुरू झाली ती थेट १९९१मध्ये थांबली. त्याआधी वाळूच्या खाणी १९७६मध्ये बंद पडल्या. त्यासाठी जॉन सिंक्लेअर नावाचा माणूस मेरीबरोसारख्या छोट्या गावात राहून लढला, आणि त्या गावातल्या कित्येकांचं पोट लाकडावर होतं. १९९२मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट्रल स्टेशनहून बेसिन लेकवरून मॅकेंझीपर्यंत, साधारण सहा-सात किलोमीटर. बाबांना जड वाटलं तर मी गाडी घेऊन पुढे थांबेन, तुम्ही थेट तळ्यावर या.

तिसऱ्या दिवशी वॅबी तळं. हाच तुकडा मला कसंही करून बाबांना दाखवायचाय. वरून जंगलातून उतरत जायचं, आणि झाडी संपते तिथे एकदम समोर हॅमरस्टोन नावाचा उघडा वाळूचा डोंगर. तो वाऱ्याने दरवर्षी साधारण मीटरभर पुढे सरकतो आणि समोरचं हिरवं तळं गिळत चाललाय. त्याच वाळूने झऱ्याचं पाणी अडवलं म्हणून तळं झालं, आणि तीच ते बुजवणार. काठावर अर्धी गाडलेली झाडं आहेत, शेंडे तेवढे वर. त्यांच्या पानांवरून हात फिरवला होता मी, जिवंत होती. त्या उतारावरून तळ्याकडे धावायचं किंवा उडी टाकायची नाही, कुणीही. पाणी काठाला उथळ आहे, माणसांच्या माना मोडल्यात तिथे.

वॅबीहून समुद्रापर्यंत आणखी अडीच किलोमीटर. सकाळी लवकर निघू. मागच्या वेळी भर दुपारी त्या वाळूवर होते, पाणी संपलं होतं, डोळे उघडवत नव्हते.

बाबा: मेसेज दोनदा वाचला. बसचं रद्द करा. आज पर्वती दोनदा चढून आलो, गुडघा बोलला नाही.

सुनीताआत्या: दादा, पायऱ्या वेगळ्या आणि वाळू वेगळी. वॅबीचा तो डोंगर तुला भारी पडेल.

विलासकाका: मग सरावाला इकडे ये की. दोन महिने आहेत. रोज पुळणीवर चालू.

आई: मी पण येते. काठी दोघांना लागेल.

मधुरा: काका, खरंच न्या त्यांना. आई, काठ्या इथे ऑस्ट्रेलियातच घेऊ, भारतातून लाकूड आणलं तर विमानतळावर अडवू शकतात. बेटावरच्या जंगलातलंही काही उचलायचं नाही, पीसही नाही. बुचुलांचे तीन जुने नियम आहेत. भूमीच्या भल्याचं ते आधी, आपलं नाही त्याला हात लावायचा नाही, आणि आपल्याकडे भरपूर असेल तर वाटून घ्यायचं. २०२० साली कुणीतरी मनाई असताना शेकोटी पेटवली, ती नीट विझली नाही आणि अर्ध्याहून जास्त बेट जळलं. आपण शेकोटी करणार नाही, गॅसवर चहा करू.

रोहन: ठीक. बार्जची, म्हणजे गाडी नेणाऱ्या बोटीची, आणि राहायची बुकिंग तू कर, पैसे मी पाठवतो. गाडीचा परवानाही काढ.

मधुरा: काढते. तारीख ओहोटी बघून ठरवते, किनाऱ्यावरून गाडी न्यायची तर सकाळची ओहोटी हवी.

विलासकाका: दादा, शनिवारी इथेही पहाटे ओहोटी आहे. शुक्रवारच्या एसटीने या. घट्ट वाळू मिळेल, पहिल्या दिवशी तेवढंच चालू.