मदत हवी आहे: दाजीपूरच्या कमी उजेडासाठी आधी बॉडी बदलू की लेन्स?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, राहायला कळंब्याच्या बाजूला. पक्ष्यांचे फोटो काढते, अधूनमधून प्राण्यांचेही. सध्या निकॉन डी५६०० आणि एएफ-पी ७०-३०० (एफ/४.५-६.३ व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी) लेन्स एवढंच सामान आहे. आता पहिल्यांदाच मोठा खर्च करायचं ठरलंय, घरात बोलणंही झालंय. हातात दीड लाख आहेत, फार तर वर दहा-वीस हजार. हे पैसे बॉडीवर घालू की लेन्सवर, आणि निकॉनमध्येच राहू की आत्ताच दुसरीकडे जाऊ, हा प्रश्न आहे.

"चांगला कॅमेरा सुचवा" असं विचारलं की उत्तरंही मोघम येतात, म्हणून माझं घोडं नेमकं कुठे अडतं ते नीट लिहिते.

कळंबा, रंकाळा, विद्यापीठाचा परिसर इथे फारशी अडचण नाही. सकाळचा उजेड भरपूर असतो. जांभळी पाणकोंबडी, खंड्या, वेडा राघू यांना ३०० मिमी थोडं कमी पडतं, पण क्रॉप करून भागतं. अडचण आहे ती राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरला. राधानगरीचं जंगल दाट, वर पानांचं छत एकमेकांत गुंतलेलं. सड्यावर (डोंगरमाथ्याच्या उघड्या खडकाळ पठारावर) लख्ख ऊन असतं आणि तिथून झाडीत शिरलं की संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं.

एक उदाहरण देते. गेल्या हिवाळ्यात एका उंबरावर मलबारी राखी धनेशाची जोडी आली होती. मादी आतल्या फांदीवर बसून चोचीच्या टोकात उंबर धरायची, मान झटक्यात मागे टाकून ते घशात झेलायची. इतकं जवळून बघायला मिळणं हेच भाग्य. पण फोटो? ३०० मिमीला एफ/६.३ (हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी आत येतो), शटर १/१६० सेकंद, आयएसओ ६४०० (हा वाढवला की फोटो उजळतो, पण दाणेदार होतो). मान हलली की चोच पुसट. मान स्थिर होती त्या फ्रेममध्ये पिसांचा नुसता लगदा. बऱ्याच फ्रेममध्ये तर फोकस पुढच्या डहाळीवर गेलेला. पक्षी कुठला ते कळतं, पण डोळा दिसत नाही. मला तो डोळा हवाय.

गव्यांचं वेगळं. ते दिसतात ते उन्हं कलल्यावर. काळं अंग मागच्या झाडीत मिसळून जातं, गुडघ्याखालचे पांढरे पाय तेवढे उठून दिसतात. तिथे ३०० मिमी पुरतं, पण उजेड पुरत नाही.

माझ्या मनात तीन पर्याय आहेत. एक, डी५६०० तशीच ठेवून सेकंडहँड निकॉन २००-५०० एफ/५.६ घ्यायची. दोन, कॅनन आर१० आणि आरएफ १००-४०० नवं घ्यायचं. तीन, निकॉनचीच मिररलेस झेड५० टू आणि झेड १८०-६००, पण हे दोन्ही एकदम घेणं माझ्या आवाक्यात नाही.

वजनाचं आधीच सांगते. कळंब्याला मी स्कूटरवरून जाते आणि काठाकाठाने चालते. दाजीपूरला जीपमध्ये बसून. ट्रायपॉड मला जमत नाही, तो उघडेपर्यंत पक्षी पसार होतो. आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून इथली मंडळी काय करतात तेही सांगा.

---

पुणे३०:

ताई, डीएसएलआरमध्ये (तुमच्या डी५६०० सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यांत) आता पैसे घालू नका. निकॉन काय, कॅनन काय, दोघांचंही नवं काम मिररलेसमध्येच (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत) चाललंय. आर१० पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवते. डी५६०० ला ३९ फोकस बिंदू, त्यातले क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे) फक्त ९, आणि वेग सेकंदाला ५ फ्रेम. आर१० मेकॅनिकल शटरवरच सेकंदाला १५ काढते. आरएफ १००-४०० चं वजन ६३५ ग्रॅम, स्कूटरच्या डिकीत बसेल. पुढे जमलं तर आर७ घ्या, तिच्या बॉडीतही स्टॅबिलायझेशन आहे. फक्त आर७ वर उडते पक्षी टिपताना इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, सेन्सर सावकाश वाचला जातो आणि पंख वाकडे येतात.

---

गारगोटीकर:

पुणेकर, तुमचं म्हणणं रंकाळ्यापुरतं पटतं. दाजीपूरसाठी नाही.

ताईंनी आकडे दिलेत, त्यावरच हिशोब मांडू. एफ/६.३ ला शटर १/१६० होतं. आरएफ १००-४०० ही ४०० मिमीला एफ/८ होते. म्हणजे त्याच उजेडात, त्याच आयएसओला शटर १/१०० वर येणार. धनेशाची मान आणखी पुसट! फोकस डोळ्यावर बसेल, पण तो डोळा हललेला असेल. १/१६० चं शटर राखायचं तर आयएसओ १०००० पर्यंत न्यावा लागेल.

आता चौथा पर्याय सांगतो, ताईंच्या यादीत तो नाही. निकॉन ३०० मिमी एफ/४ई पीएफ (पीएफ म्हणजे लेन्स लहान आणि हलकी करणारं खास भिंग). ३०० ला एफ/४ म्हणजे त्याच उजेडात शटर १/४०० च्या आसपास. मान झटकली तरी बऱ्याच फ्रेम हाती लागतील. वजन ७५५ ग्रॅम. सोबत टीसी-१४ई थ्री टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून चित्र १.४ पट मोठं करणारा) लावला तर ४२० मिमी एफ/५.६, आणि डी५६०० त्यावर व्यवस्थित ऑटोफोकस करते. सेकंडहँड बाजारात शोधा, दोन्ही मिळून तुमच्या बजेटमध्ये बसायला हरकत नाही.

एक उणीव आहे. सूर्य किंवा दिवा फ्रेममध्ये समोर आला तर पीएफ लेन्समध्ये गोल कड्यांसारखी फ्लेअर दिसते. पानांतून चमकणाऱ्या आकाशाचा मला आजवर त्रास झालेला नाही.

---

सांगलीवाला:

गारगोटीकरांचा हिशोब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. पक्षी फ्रेममध्ये छोटा दिसत असेल आणि शेवटी क्रॉपच करायचा असेल, तर नुसता एफचा आकडा बघून चालत नाही. फोकल लेंथला (लेन्सच्या मिमीतल्या आकड्याला) एफच्या आकड्याने भागा. जो आकडा येतो तेवढ्या मिलिमीटर रुंदीच्या खिडकीतून त्या पक्ष्याचा उजेड आत येतो.

ताईंची आत्ताची लेन्स ३०० भागिले ६.३, म्हणजे ४८. आरएफ १००-४०० ची ४०० भागिले ८, म्हणजे ५०. बघा, लांबच्या धनेशासाठी नवी लेन्स घेऊनही उजेडात जवळपास काहीच पदरात पडत नाही. जे मिळेल ते नव्या बॉडीच्या फोकसमुळे. ३०० पीएफची ७५. टेलिकन्व्हर्टर लावला तरी ७५ च, कारण खिडकी तीच राहते, चित्र फक्त मोठं होतं. २००-५०० ची ५०० भागिले ५.६, म्हणजे ८९. झेड १८०-६०० ची ९५.

म्हणून लांबच्या लहान पक्ष्याला २००-५०० सगळ्यात भारी. शटर १/१६० चं फक्त १/२०० होईल हे खरं, पण पक्षी सेन्सरवर जवळपास पावणेतीनपट पिक्सेल व्यापेल. क्रॉप कमी, म्हणून नॉइजही (दाणेदारपणा) कमी जाणवतो. उलट गवा आधीच फ्रेम भरतो, तिथे भागाकाराचा उपयोग नाही. तिथे एफ/४ च कामाला येतं.

कॅननच्या ८०० मिमी एफ/११ ला लोक सरसकट नावं ठेवतात, त्यांनीही हा भागाकार करून बघावा. ७३ येतो. तळ्यावर उन्हात ती लेन्स छान चालते. दाजीपूरच्या झाडीत मात्र ८०० मिमी हातात धरून १/१०० ला चित्र स्थिर ठेवणं अवघड, आणि सहा मीटरच्या आत ती फोकसच होत नाही.

डी५६०० वापरणाऱ्यांसाठी अजून एक महत्त्वाची गोष्ट. या बॉडीत एएफ फाइन ट्यून नाही. डी७५०० आणि डी५०० मध्ये आहे. म्हणजे सेकंडहँड लेन्स तुमच्या बॉडीवर थोडी पुढे किंवा मागे फोकस करत असेल, तर ते मेनूतून सुधारता येणार नाही. स्वतःच्या बॉडीवर लावून बघितल्याशिवाय कुठलीही लेन्स घेऊ नका, मग विकणारा कितीही ओळखीचा असो.

---

धागाकर्ती:

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. हा भागाकार मला कुणी सांगितला नव्हता. कागदावर मांडून बघितला आणि आर१० आत्ता नको हे ठरलं. म्हणजे बॉडी राहील, लेन्स बदलेल, एवढं पक्कं.

पुणेकर, तुम्ही म्हणता ती भीती मलाही होती, की डीएसएलआरची लेन्स घेऊन पुढे अडकून पडायला होईल. पण पुढे झेड५० टू घेतली तर डीएसएलआरच्या या एएफ-एस लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेड बॉडीला जोडणारा) ऑटोफोकससकट चालतात ना? तसं असेल तर पैसे वाया जाणार नाहीत.

आता प्रश्न उरला २००-५०० की ३०० पीएफ. माझं मन पीएफकडे ओढ घेतंय. २००-५०० ट्रायपॉडच्या कॉलरसकट २३०० ग्रॅम. ती गळ्यात घालून कळंब्याचा काठ चालणं मला झेपेल का, याची शंका आहे. आणि जड लेन्स मी घरी ठेवूनच जाईन, मग तिचा ८९ काय कामाचा? पण झूम नसल्याने काय अडतं ते वापरणाऱ्यांनी सांगावं.

---

पुणे३०:

हो, एफटीझेडवर एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो. तुमचं गणित बघून माझंही मत बदललं. लेन्स आधी घ्या. पण बॉडीचं फार पुढे ढकलू नका. डहाळीवर जाणारा फोकस नव्या लेन्सने पूर्ण थांबणार नाही. तोवर पानांमध्ये ऑटो-एरिया (कॅमेऱ्याने स्वतःच फोकस बिंदू निवडणं) बंद ठेवा, मधला एकच बिंदू निवडा आणि तो पक्ष्याच्या मानेवर ठेवा.

---

गारगोटीकर:

झूम नसल्याने एकच अडचण येते, पक्षी आधी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडायला हवा. नुसत्या डोळ्याने पक्ष्याकडे बघत राहायचं आणि नजर न हलवता कॅमेरा डोळ्याला लावायचा. हाताला सवय झाली की जमतं. गवा जीपजवळ आला तर तुमची ७०-३०० आहेच. ती विकू नका.

जीपमध्ये ट्रायपॉड नको हे बरोबर. कापडी पिशवीत तांदूळ किंवा राजमा भरून बीनबॅग करा आणि जीपच्या कडेवर ठेवा. चालकाला सांगून इंजिन बंद करून घ्या. इंजिनच्या थरथरीपुढे कुठलाही व्हीआर टिकत नाही.

सेकंडहँड लेन्स बघताना दोन्हीकडची झाकणं काढा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर मात्र ती लेन्स तिथेच परत द्या, स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. माउंटच्या स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे असतील तर ती कुणीतरी उघडलेली आहे. मूळ बिल भारतातलं आहे का तेही विचारा.

बुरशीचं म्हणाल तर आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट घेता आलं तर उत्तम, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची. अगदी कोरडं करू नका, रबर आणि आतलं वंगण खराब होतं. तेवढं बजेट नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिक डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्स ठेवून ती बॅग कपाटात ढकलणं सगळ्यात वाईट. ओल कापडात मुरते आणि तिथेच राहते. पावसात बाहेर जाऊन आलात की लेन्स पुसून पंख्याखाली ठेवा, मगच डब्यात.

माझी ३०० पीएफ आणि टेलिकन्व्हर्टर घेऊन मी येत्या रविवारी कळंब्यावर येतो. तुमची बॉडी लावून बघा.

---

सांगलीवाला:

मीही येतो, २००-५०० घेऊन. ताई, रिकामं कार्ड आणा आणि बॅटरी पूर्ण चार्ज करा. आधी छापील वर्तमानपत्राचं पान भिंतीला लावून दोन्ही लेन्सचा फोकस तपासू, एफचा आकडा सगळ्यात लहान ठेवून. मग काठाने चाला. २००-५०० तुमच्याच गळ्यात राहील, मी हात लावणार नाही. परत येईपर्यंत मान काय म्हणते ते कळेल. उजेडाचा अंदाज यावा म्हणून ऊन वर यायच्या आधी झाडाखाली बसलेल्या पक्ष्याचे फोटो काढून बघू. घरी गेल्यावर दोन्हींच्या फ्रेम शंभर टक्के झूम करून शेजारी शेजारी लावा.

---

धागाकर्ती:

नक्की येते. सूर्य उगवायच्या आधी पोचेन, म्हणजे झाडाखालचा कमी उजेड मिळेल. माझी ७०-३०० ही आणते, तिन्ही लेन्सने एकाच फांदीचे फोटो काढू. वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी माझ्याकडून. फ्रेम इथेच टाकेन, शटर आणि आयएसओच्या आकड्यांसकट, म्हणजे याच पेचात असलेल्या इतरांनाही बघता येतील. कोल्हापूर-इचलकरंजी भागात कुणी ३०० पीएफ विकणार असेल तर कृपया इथे कळवा.