पवनचक्क्यांचा डेटा: लिंक हिरवी दिसते पण नोंदी गायब, टेस्ट नेमकी कशी घ्यायची?

पठारकर:
नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर साइटला आहे. ३२ पवनचक्क्या, सगळ्या फायबरच्या रिंगमध्ये, प्रत्येक टॉवरच्या बुडाशी एक नेटवर्क स्विच आणि खाली कंट्रोल रूममध्ये स्काडा, म्हणजे सगळ्या चक्क्यांचे आकडे गोळा करून स्क्रीनवर दाखवणारी सिस्टीम. पावसाळ्याचा वारा सुरू व्हायला महिनाच राहिलाय, वर्षाचं खरं जनरेशन जून ते सप्टेंबरात होतं, त्यामुळे मालकाकडून निरोप आलाय की त्याआधी कम्युनिकेशन किती भरवशाचं आहे ते तपासून रिपोर्ट द्या. मी आठवडाभर सगळ्या चक्क्यांना पिंग (उत्तर येतंय का बघायला पाठवलेलं छोटं पाकीट) लावून ठेवलं, ९९.६ टक्के उत्तरं आली, म्हटलं झालं काम. मग १७ नंबरचा दहा-दहा मिनिटांचा डेटा उघडून मोजला तर आठवड्याच्या १००८ नोंदी पाहिजेत तिथे ९४१ निघाल्या, आणि ज्या नाहीत त्या जवळपास सगळ्या संध्याकाळच्या, वारा जोरात असतानाच्या. म्हणजे चक्की जेव्हा कमावते तेव्हाच डेटा जातो. पिंग व्यवस्थित आणि डेटा नाही, हे कसं काय? आणि रिपोर्टात नेमकं काय तपासून लिहू?

फायबरवाला_साक्री:
दादा तुम्ही नोंदी मोजल्या ते फार बरं केलं, बरेच जण पिंगचा आकडा लिहून मोकळे होतात. विंडोजचं साधं पिंग ३२ बाइटचं असतं, एवढंसं पाकीट खराब लाइनवरूनही निघून जातं, डेटाची पाकिटं मोठी असतात आणि लाइनवर नॉइज असेल तर मोठंच आधी मरतं. १४७२ बाइटचं पिंग लावा, तुकडे करू नको हा पर्याय टाकून, आणि ते वारा असताना लावा, सकाळी शांततेत लावून काही कळणार नाही.

दुसरं म्हणजे स्विचमध्ये लॉगिन करून त्या पोर्टचा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत खराब झालेल्या पाकिटांचा, काउंटर बघा. शून्य करा, चक्की बंद असताना तासभर बघा, मग लोडवर तासभर बघा. आमच्याकडे साक्रीच्या बाजूला अगदी हेच झालेलं. चक्कीच्या कंट्रोलरपासून (चक्की चालवणारा कॉम्प्युटर) स्विचपर्यंतची तांब्याची पॅच कॉर्ड, म्हणजे जोडणीची छोटी वायर, पॉवर केबलला टाय मारून बांधलेली, वर कॅबिनेटच्या दारात दबून चपटी झालेली, क्लिप मोडली म्हणून कोणीतरी इन्सुलेशन टेपने चिकटवलेली. चक्की बंद असली की एरर शून्य, लोड आला की काउंटर पळायला लागायचा. आम्ही महिनाभर फायबरला दोष देत बसलो होतो आणि दुखणं होतं त्या दीड मीटरच्या वायरीत.

स्काडाताई:
वरचं सगळं बरोबर आहे, पण पठारकर दादा, एक आधी सांगा, दहा मिनिटांची सरासरी कंट्रोलर काढतो की तुमचा स्काडा पोलिंग करून, म्हणजे एकेका चक्कीला आकडे विचारत, काढतो? कंट्रोलर काढत असेल तर लिंक तुटली तरी नोंद त्याच्या मेमरीत राहते आणि लिंक आल्यावर मागची भरून यायला पाहिजे. ती येते का हेच तपासा. एका चक्कीची लिंक मुद्दाम दोन तास काढून ठेवा, परत जोडा, १२ च्या १२ नोंदी आपोआप आल्या तर पास. आल्या नाहीत तर पावसाळ्यात विजा पडून स्विच गेला की तेवढा काळ कायमचा गेला. आणि वेळेचे शिक्के पण जुळवून बघा, काही कंट्रोलर दहा मिनिटांच्या सुरुवातीची वेळ लिहितात तर काही शेवटची, शेड्युलिंगचे (ग्रिडला आधी कळवायच्या विजेच्या अंदाजाचे) दिवसाचे ९६ ब्लॉक असतात १५-१५ मिनिटांचे, तिथे दहा मिनिटं सरकली तरी हिशेब चुकतो.

रिंगची टेस्ट तर घ्याच. एका जागी फायबर काढा आणि बघा कोण कोण जातंय. रिंग धड असेल तर काही सेकंदांत दुसऱ्या बाजूने डेटा यायला पाहिजे. अर्धी साइट गेली तर समजा रिंग दुसरीकडे आधीच तुटलेली होती आणि कुणाला पत्ताच नव्हता, मी स्वतः पाहिलंय हे.

पोलिंगचा हिशेब पण मांडा. एका चक्कीला २०० मिलिसेकंद धरले तर ३२ चक्क्यांची फेरी साडेसहा सेकंदांत होते. पण एकामागून एक पोलिंग असेल, टाइमआउट (उत्तराची वाट बघायची वेळ) ३ सेकंद आणि प्रयत्न ३ असतील तर एक मेलेली चक्की ९ सेकंद खाते, तीन मेल्या की २७ सेकंद, आणि भोगतात बाकीच्या चांगल्या चक्क्या.

सांगलीकर:
फायबर ओटीडीआरने (आत प्रकाश सोडून दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) बघणार असाल तर १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्हीवर बघा. केबल कुठे जास्त वाकली असेल तर ते १५५० वर ठळक दिसतं, १३१० वर लपतं. आणि चालू चक्कीची लिंक काढण्याआधी परमिट घ्या आणि कंट्रोल रूमला फोनवर ठेवा, त्यांना वाटेल खरंच काही झालं.

पठारकर:
मंडळी मनापासून आभार. काल १७ नंबर उघडला. सकाळी चक्की बंद होती तेव्हा सीआरसी शून्य, संध्याकाळी लोडवर तासाभरात दोन हजारांच्या वर. पॅच कॉर्ड पॉवर केबलच्या ट्रेमध्येच टाकलेली होती, टेप नव्हता एवढंच. शिल्डेड कॉर्ड वेगळ्या बाजूने नेली, आज सकाळपर्यंत एकही नोंद गेलेली नाही. ताई, सरासरी स्काडाच काढतो, त्यामुळे मागचं भरून येत नाही, ते आता व्हेंडरशी बोलतोय.

पण लिंक काढायच्या टेस्टमध्ये वेगळंच निघालं आणि त्याने मी जास्त घाबरलोय. २२ नंबरची केबल काढली तर स्क्रीनवर ६१० किलोवॅट तसंच उभं, रंग हिरवा, तब्बल ११ मिनिटं. म्हणजे चक्की बंद पडली असती तरी ऑपरेटरला ६१० च दिसलं असतं. हे कसं पकडायचं?

स्काडाताई:
याला म्हणतात गोठलेला आकडा, लिंक गेली तरी स्क्रीन शेवटचाच आकडा दाखवत राहते. कंट्रोलरमध्ये दर सेकंदाला एकने वाढणारा काउंटर ठेवायला सांगा आणि तो बाकीच्या डेटासोबतच वाचा. ३० सेकंद तो हलला नाही की त्या चक्कीचे सगळे आकडे राखाडी करायचे आणि अलार्म द्यायचा. व्हेंडर म्हणेल लिंकचा अलार्म आहेच की, तर ते ११ मिनिटं त्याला दाखवा. ३२ च्या ३२ चक्क्यांवर केबल काढून बघा, नमुन्याला दोन-तीन नको, आणि रिपोर्टात प्रत्येकीसमोर किती सेकंदांत कळलं तो आकडा लिहा.

पठारकर:
लिहितो. उद्या १ ते ८ घेतोय, परमिट टाकलंय.